श्रीमंत संस्थांना करमाफी कशासाठी? सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान संस्थांचे हिशेब लिहिणं हा माझा व्यवसाय. वाचनालयं, मराठी शाळा चालवणारी मंडळं, देवस्थान कमिट्या, एखादी तालीम. त्यामुळे करमाफीचे प्रश्न रोजच येतात, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही लग्नाच्या पंगतीत. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले दिलेत, कारण लोकांच्या तोंडी तेच आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात क्रमांक बदलले, पण या विषयाचा सांगाडा तोच राहिला.

१. संस्थेला करमाफी आहे म्हणतात, म्हणजे नेमका कोणता कर माफ असतो?

चार वेगळ्या गोष्टी लोक एकाच पिशवीत घालतात. पहिली, संस्थेच्या उत्पन्नावरचा आयकर. त्यासाठी आयकर खात्याकडची 'ट्वेल्व्ह-ए' (आता १२एबी) नोंदणी लागते आणि कलम ११ च्या अटी पाळाव्या लागतात. दुसरी, देणगी देणाऱ्याला मिळणारी सूट, म्हणजे ८०जी. तिसरी, इमारतीवरची घरपट्टी. ती महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या कायद्याने माफ होते, आयकर खात्याचा तिथे संबंध नाही. चौथी, जीएसटी. शाळेची फी आणि दवाखान्याचे उपचार यांवर तो बहुतांशी लागत नाही, मग शाळा ट्रस्टची असो वा नसो.

एक सवलत मिळाली म्हणजे बाकीच्या आपोआप मिळत नाहीत. ट्वेल्व्ह-ए चं सर्टिफिकेट घेऊन घरपट्टी माफ करून घ्यायला गेलेले दोन सेक्रेटरी मला ठाऊक आहेत. दोघांनाही कारकुनाने परत पाठवलं, आणि कारकुनाचं बरोबर होतं.

२. पण सरकार ही माफी देतंच का?

जी कामं सरकारने करायला हवीत ती लोक स्वतःच्या खिशातून करतात, म्हणून. कायद्याने 'धर्मादाय हेतू'ची व्याख्या कलम २(१५) मध्ये केली आहे: गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण आणि प्राचीन वास्तूंचं जतन, आणि सर्वसामान्य लोकांच्या उपयोगाची इतर कामं.

आपल्या भागात या कल्पनेचा पुरावा शोधायला लांब जायला नको. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, म्हणजे सरकारी ग्रंथालयाची कल्पनाही नव्हती तेव्हाचं. केएलई शिक्षणसंस्था १९१६ साली सात तरुण शिक्षकांनी सुरू केली. सिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली, आणि त्यांच्या नावाचं कॉलेज १९३३ पासून शहरात उभं आहे. पलीकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं काढून दिली. भाषा, जात, संस्थान वेगळं असेल, पण या माणसांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी पैसा आणि आयुष्य घातलं. त्यांच्यावर कर लावावा असं कुणालाही वाटणार नाही.

माफी फुकट पडत नाही, हेही तितकंच खरं. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने जुन्या करपद्धतीत ८०जी ची लाखभर देणगी दिली, तर पन्नास हजारांची वजावट मिळते आणि त्याचा सुमारे पंधरा हजारांचा कर वाचतो. ते पंधरा हजार सरकारी तिजोरीत आले असते. म्हणजे त्या देणगीत पंच्याऐंशी हजार त्याचे आणि पंधरा हजार तुमचे-माझे. संगमरवरी पाटीवर नाव मात्र एकट्याचं लागतं. हिशेब मागायचा आपला हक्क या पंधरा हजारांतून येतो.

३. 'ना नफा' म्हणवणाऱ्या संस्थेला नफा झाला तर तो गुन्हा का?

नाही. खर्च भागून काही शिल्लक राहणं गैर नाही. टीएमए पै फाउंडेशनच्या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित शिक्षणसंस्थांना विस्तारापुरती वाजवी शिल्लक ठेवायला मोकळीक दिली, नफेखोरीला मात्र मनाई केली. शिल्लक राहते की नाही यापेक्षा ती कुणाच्या खिशात जाते हे महत्त्वाचं. मालक, भागधारक, ट्रस्टी यांना ती वाटून घेता येत नाही. वाटली तर काय होतं ते प्रश्न ११ मध्ये.

४. मग करमाफ संस्था एवढ्या श्रीमंत होतात कशा? कायद्याने पैसे खर्चच करायचे असतात ना?

सगळ्या पानातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो.

नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी संस्थेच्या हेतूसाठी वापरायचे. १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. त्याहून जास्त ठेवायचे तर कारण लिहून फॉर्म १० भरायचा आणि पाच वर्षांत खर्च करायचे. शिवाय 'कॉर्पस' (कायम निधी) म्हणून लेखी सांगून दिलेली देणगी ठरावीक ठिकाणी गुंतवली तर उत्पन्नात धरली जात नाही.

वाचायला कडक वाटतं. पण 'वापर' या शब्दात इमारत बसते, जमीन बसते, मशीन बसतं, बसगाडी बसते. समजा एखाद्या ट्रस्टला फीमधून दहा कोटी आले. पगार-पाणी भागून तीन कोटी उरले. त्या तीन कोटींची नवी विंग बांधली, की कायद्याच्या नजरेत ते पैसे धर्मादाय कामी लागले. पुढच्या वर्षी नव्या विंगमुळे विद्यार्थी वाढतात, फी वाढते, शिल्लक वाढते, आणि त्यातून पुढची विंग. वीस वर्षांत हायवेच्या कडेला नगर उभं राहतं, एक पैसा कर न भरता, आणि एकही नियम न मोडता.

यात वाईट काही आहे असं नाही. त्या विंगमध्ये मुलं शिकतात, नर्सेसना नोकरी लागते, आजूबाजूच्या खानावळी चालतात. पण ८५ टक्क्यांचा नियम हे विचारतच नाही, की त्या विंगमध्ये फी न भरू शकणारे किती जण आले. पैसा आत वापरला एवढं तो पाहतो, दार कुणासाठी उघडलं हे पाहत नाही. माझ्या मते आपल्या कायद्यातली खरी फट हीच आहे. घोटाळेबाज ट्रस्टींवर पेपरात रकाने भरतात, आणि या फटीवर कुणी बोलत नाही.

५. मग संस्था श्रीमंत झाली की माफी काढून घ्यावी का?

मला तसं वाटत नाही. निधी मोठा असलेली संस्था वाईट वर्षातही शिष्यवृत्त्या चालू ठेवू शकते, आणि कोविडमध्ये ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांनीच शिक्षकांचे पगार थांबवले नाहीत. रकमेचा आकडा पाहून शिक्षा केली तर काटकसरीने राखणाऱ्यालाच ती होईल.

बाहेर काही देशांनी मधला मार्ग काढला आहे. हार्वर्डचा निधी २०२४ मध्ये ५३ अब्ज डॉलरच्या घरात होता. अमेरिकेने २०१७ साली अशा खासगी विद्यापीठांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. दर विद्यार्थ्यामागे पाच लाख डॉलर किंवा जास्त मालमत्ता असेल, त्यांनाच तो लागू होता. २०२५ च्या कायद्याने टप्पे केले आणि वरचा दर ८ टक्क्यांवर नेला. ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट आहे. त्यातल्या कित्येक शाळा धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आहेत.

'दर विद्यार्थ्यामागे किती' ही अमेरिकेची मोजपट्टी मला पटते. आपल्याकडे मी ती थोडी फिरवून लावीन: दर कोटीमागे किती गरीब मुलं, किती मोफत खाटा. माफी ठेवा, पण हा आकडा दरवर्षी मराठीत आणि कन्नडमध्ये गेटवर लावायला लावा. ज्या संस्थेने खरोखर काम केलंय तिला ते जड जाणार नाही.

६. बोर्डावर 'चॅरिटेबल हॉस्पिटल' आणि काउंटरवर डिपॉझिट. हे चालतं का?

आयकर कायद्यात चालतं. फी घेऊन उपचार करणंही 'वैद्यकीय मदत'च धरलं जातं.

हा प्रश्न माझ्या घरातून गेलेला आहे. मावशीला रात्री अकराच्या पुढे एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. चाळीस हजार भरल्याशिवाय वर घेता येणार नाही म्हणाले. मावसभावाने गल्लीतली दारं वाजवून पैसे जमवले, पाचशेच्या नोटा चुरगळलेल्या, दोन हजार तर दूधवाल्याने दिलेले. पावती गुलाबी कागदाची होती. वर संस्थेचं नाव, खाली बारीक अक्षरात ट्वेल्व्ह-ए चा नंबर. उपचार चांगले झाले, मावशी आज चालती-फिरती आहे, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. पण ती पावती मी जपून ठेवलीय, कारण त्या नंबराचा अर्थ मला त्या रात्री पहिल्यांदा टोचला.

आता सीमेचा फरक बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१एए आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. अंमलबजावणीबद्दल तिथेही ओरड आहे, पण नियम आहे, आणि जाब विचारायला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. कर्नाटकात असा धर्मादाय आयुक्तच नाही. ती योजना आली तोवर बेळगावला मुंबई राज्यातून जाऊन ५० वर्षं होत आली होती. कोल्हापूरचा रुग्ण जे हक्काने मागतो, ते इथला रुग्ण हात जोडून मागतो.

७. आमच्याकडे बीपीएल कार्डावर मोफत ऑपरेशन केलं. ती त्या हॉस्पिटलची धर्मादाय सेवा नाही का?

'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजना २०१८ पासून आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्याचे पैसे सरकार दवाखान्याला देतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली जनआरोग्य योजना लागू केली, त्यावर दोन्ही राज्यांत वाद झाला. तिचंही तसंच, बिल सरकार भरतं.

दर कमी असतात, पैसे उशिरा येतात, ही दवाखान्यांची तक्रार खरी आहे. तरी पैसे मिळालेलं काम आणि पदरमोड करून केलेलं काम एकाच रकान्यात लिहू नये. वार्षिक अहवालात 'एवढ्या गरीब रुग्णांवर मोफत उपचार' असं दिसलं तर विचारा, यातले योजनेचे किती आणि संस्थेने स्वतः सोसलेले किती?

८. अ‍ॅडमिशनच्या वेळी दिलेल्या 'डोनेशन'वर ८०जी ची सूट मिळेल का?

नाही. सीट मिळावी म्हणून दिलेला पैसा देणगी होत नाही. देणगीच्या बदल्यात काही मिळत नसतं. कर्नाटकात कॅपिटेशन फीवर १९८४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा १९९२ चा गाजलेला निकालही आपल्याच राज्यातल्या मेडिकल सीटवरून लागला.

खऱ्या देणगीसाठी लक्षात ठेवा: दोन हजारांवर रोख दिली तर सूट नाही, संस्थेकडून फॉर्म १०बीई मधलं सर्टिफिकेट घ्या, आणि नव्या करपद्धतीत ८०जी मिळत नाही.

९. देवळाच्या हुंडीवर कर लागतो का? यल्लम्माच्या डोंगरावर एवढी यात्रा भरते.

निनावी देणग्यांसाठी ११५बीबीसी कलम आहे. धर्मादाय संस्थेला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल त्यापुढच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर. निव्वळ धार्मिक संस्था यातून वगळल्या आहेत. धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही कामं करणाऱ्या संस्थांनाही सूट आहे, पण शाळा-कॉलेज किंवा दवाखान्यासाठी म्हणून निनावी पैसा टाकला तर ती मिळत नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाचा वाद याच मुद्द्यावर होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते दोन्ही प्रकारचं आहे असं ठरवून हुंडी करमुक्त धरली. चर्च, दर्गा, बसदी, गुरुद्वारा सगळ्यांना नियम एकच.

सौंदत्तीची यल्लम्मा मुजराई खात्याखाली येते, म्हणजे १९९७ च्या कर्नाटक हिंदू धार्मिक संस्था कायद्याखाली. मोठ्या उत्पन्नाच्या देवळांना ठरावीक हिस्सा सामायिक निधीत द्यावा लागतो आणि त्यातून लहान देवळांना मदत होते. २०२४ मध्ये या हिश्श्याचे दर बदलायचं विधेयक आलं तेव्हा देवळाचा पैसा पळवतात म्हणून ओरड झाली. माझं मत वेगळं आहे. पुजाऱ्याला दिव्याच्या तेलाचे पैसे मिळत नाहीत अशी देवळं खानापूरच्या जंगलपट्टीत मी पाहिली आहेत, आणि मोठ्या देवाने धाकट्याला हात देणं यात मला अधर्म दिसत नाही. मोठमोठे मठ मात्र या कायद्याबाहेर आहेत. त्या मठांच्या शाळा-कॉलेजांना प्रश्न ४ लागू.

१०. देवस्थानचं मंगल कार्यालय आणि गाळे भाड्याने दिलेत. त्यावर काय लागतं?

भाड्याचं उत्पन्न संस्थेच्या हेतूसाठी वापरलं तर आयकर नाही. जीएसटीत धार्मिक जागेच्या आवारातल्या भाड्याला मर्यादा आहेत: खोली दिवसाला एक हजाराच्या आत, कल्याण मंटप किंवा हॉल दिवसाला दहा हजाराच्या आत, गाळा महिन्याला दहा हजाराच्या आत असेल तर माफ. वरचं भाडं करपात्र. अर्थात वर्षाची एकूण उलाढाल, माफ असलेलं भाडंही धरून, वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही.

घरपट्टीत पाहिला जातो तो जागेचा वापर. गाभारा माफ, खालचे गाळे नाहीत. दिल्लीच्या चिल्ड्रन बुक ट्रस्टच्या खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की निव्वळ फीवर चालणारी शाळा घरपट्टीसाठी 'धर्मादाय' ठरत नाही, लोकांच्या देणग्यांचा आधार हवा. तो निकाल दिल्लीच्या कायद्यावरचा आहे, पण विचार कुठेही लागू पडावा असा आहे.

११. ट्रस्टी सगळे एकाच घरातले. गाडी ट्रस्टची, पेट्रोल ट्रस्टचं, बांधकामाचं कंत्राट मेहुण्याला. चालतं?

एकाच घरातले ट्रस्टी असणं बेकायदा नाही. पण कलम १३ प्रमाणे संस्थापक, ट्रस्टी, मोठे देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक यांना संस्थेच्या पैशाचा किंवा मालमत्तेचा फायदा झाला तर त्या रकमेपुरती माफी जाते. पगार देता येतो, पण कामाच्या मानाने वाजवी. मेहुण्याला कंत्राट देता येतं, पण बाजारभावाने, आणि ते बाजारभावानेच दिलं हे दाखवायची जबाबदारी संस्थेची.

खरी अडचण अशी की 'वाजवी' कोण ठरवणार? ऑडिटर संस्थाच नेमते. सभासद नोंदवही बंद करून ठेवली की जनरल बॉडीत हात वर करणारे तेच. मी एका सभेला होतो, पंचवीस माणसं, त्यातली अठरा पगारी नोकर. ताळेबंद चार मिनिटांत मंजूर झाला आणि लगेच उपीट आलं.

१२. ट्रस्टने कोचिंग क्लास काढले तर ते शिक्षण म्हणून माफ होतात का?

शेजारच्या हुबळीच्या लोकशिक्षण ट्रस्टचा १९७५ चा निकाल इथे उपयोगी पडतो. वर्तमानपत्र चालवून लोकांना ज्ञान मिळतं हे खरं, पण कायद्यातलं 'शिक्षण' म्हणजे शाळा-कॉलेजसारखं पद्धतशीर शिकवणं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. १९ ऑक्टोबर २०२२ ला न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात न्यायालयाने तीच व्याख्या धरली आणि कलम १०(२३सी) खाली माफी मागणारी संस्था 'केवळ' शिक्षणासाठीच हवी असं स्पष्ट केलं. पुस्तकं, वसतिगृह, बस असे पूरक व्यवसाय चालतात, त्यांचे हिशेब वेगळे ठेवून. स्पर्धा परीक्षांचे भरमसाठ फीचे क्लास त्यात बसवायला अवघड जाईल.

१३. पतसंस्था आणि साखर कारखाने पण करमुक्तच ना?

नाही, ती गल्लत आहे. त्या सहकारी संस्था, धर्मादाय नव्हेत. सभासदांना कर्ज देणाऱ्या पतसंस्थेला कलम ८०पी ची वजावट मिळते. सहकारी बँकांची ती २००६ मध्ये काढून घेतली. सभासद लाभांश घेतात, तिथे धर्मादायाची भाषा लागू होत नाही.

१४. आमची संस्था फक्त मराठी भाषकांसाठी आहे. 'विशिष्ट समाजासाठी' म्हणून माफी जाईल का?

जाणार नाही. कलम १३(१)(बी) ची बंदी विशिष्ट धर्म-समुदाय किंवा जातीच्या फायद्यासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला आहे, तीही १९६१ चा कायदा लागू झाल्यानंतर स्थापन झालेल्या. भाषा त्यात नाही. मराठी शाळा, मराठी ग्रंथालय, मराठी नाट्यमंडळ यांना या कलमाची भीती नको. ज्ञाती मंडळांना मात्र आहे. त्यांनी घटनेत 'ज्ञातिबांधवांसाठी' असं लिहून ठेवलं असेल तर आजच वकिलाकडे जावं. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलांसाठीच्या संस्थांना अपवाद आहे.

१५. आमची एक शाळा निपाणीत, दुसरी कागल तालुक्यात. नोंदणी कुठली?

निपाणीला लागूनच अर्जुननगर, पण ते कोल्हापूर जिल्ह्यात. बेळगावहून अर्ध्या तासावर शिनोळी, ती चंदगड तालुक्यात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे नेहमीचा. आयकराला राज्याची सीमा नाही, एक पॅन आणि एकच १२एबी नोंदणी. राज्याचा कायदा मात्र मुख्य कार्यालय कुठे आहे त्यावर. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, तिथे अर्ज करून कागद पाहता येतात, नकला मिळतात. कर्नाटकात ट्रस्टचं दानपत्र सबरजिस्ट्रारकडे, आणि सोसायटी असेल तर १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे.

जुन्या संस्थांच्या कपाटात कधी कधी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं सर्टिफिकेट सापडतं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. ते टाकू नका. त्यावरची तारीख १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची असेल तर संस्था तेव्हा होती हे सिद्ध होतं, आणि प्रश्न १४ साठी स्थापनेची तारीख काढायलाही तेच कामी येतं.

१६. आमचं वाचनालय लहान, १२एबी नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलं. आता?

ताबडतोब उशीर माफीचा अर्ज करा. १ ऑक्टोबर २०२४ पासून आयकर आयुक्तांना योग्य कारण असेल तर उशीर माफ करता येतो. दुर्लक्ष करू नका, कारण २०२३ पासून वेळेत अर्ज न करणंही कलम ११५टीडी मध्ये धरलं जातं. म्हणजे संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर. गल्लीच्या कोपऱ्यावर पणजोबांच्या काळातली जागा असलेल्या वाचनालयाला हा कर वर्गणीतून शंभर वर्षांतही फेडता येणार नाही.

हे लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही. मोठ्या संस्थेकडे सीए, वकील, सगळं खातं असतं. वाचनालयाकडे सत्तर वर्षांचे सेक्रेटरी आणि त्यांचा जुना फोन. एका वाचनालयाचं नूतनीकरण केवळ ओटीपी वारलेल्या अध्यक्षांच्या नंबरवर जात होता म्हणून अडलं होतं. त्यांच्या सुनेने ते सिमकार्ड चालू ठेवलं होतं म्हणून निभावलं. वर्षाचं उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना आता नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांची मिळते, हा २०२५ चा बदल चांगला झाला. पण पाच लाखांचं वाचनालय आणि पावणेपाच कोटींचं कॉलेज अजून एकाच पंगतीत आहे.

१७. मोठ्या संस्थेचा हिशेब मला, साध्या माणसाला, बघता येतो का?

पूर्ण नाही. ट्रस्टचं आयकर विवरणपत्र आपल्याकडे गोपनीय आहे. अमेरिकेत फॉर्म ९९० कुणालाही पाहता येतो, वरच्या अधिकाऱ्यांच्या पगारासकट. आपल्याकडे तसं झालं तर या पानावरचे अर्धे प्रश्न मिटतील.

आज जे करता येतं ते असं. संस्था नोंदलेली आहे का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. सरकारकडून भरीव पैसा किंवा जमीन घेणाऱ्या संस्थेला माहिती अधिकार लागू होऊ शकतो. डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. त्यामुळे अनुदानित शाळा-कॉलेजांकडे अर्ज टाका. सोसायटी असेल तर एक तृतीयांश सभासदांनी मागणी केल्यावर निबंधकाला चौकशी करावी लागते. म्हणून सभासद व्हा, वर्गणीची पावती जपा. नवे सभासद घेणं बंद आहे असं सांगितलं, तर ते लेखी मागा.

१८. गैरप्रकार दिसला. तक्रार केली आणि माफी रद्द झाली तर शाळा बंद पडेल ना? मुलांचं काय?

ही भीती घालून बऱ्याच तक्रारी गिळायला लावतात. माफी रद्द होणं आणि शाळा बंद होणं वेगळं आहे. शाळेची मान्यता शिक्षण खात्याकडून असते, तिला धक्का लागत नाही. बहुतेक वेळा त्या रकमेपुरती किंवा त्या त्या वर्षाची माफी जाते, कर आणि व्याज भरावं लागतं. नोंदणीच रद्द झाली तर ११५टीडी चा कर येतो (प्रश्न १६), तरी इमारत आणि पटावरची मुलं तिथेच राहतात. हेतू न बदलता ट्रस्टी बदलायचे असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली, परवानगी घेऊन, दोन किंवा अधिक संबंधित लोक कोर्टात जाऊ शकतात. तो रस्ता लांबचा आहे, पण त्यात संस्थेच्या मालमत्तेला हात लागत नाही.

कर चुकवेगिरीची तक्रार आयकर खात्याच्या पोर्टलवर जानेवारी २०२१ पासून घरबसल्या करता येते. करमाफ संस्थांचं काम पाहणारे आयकर आयुक्त बेंगळुरूला बसतात, पाचशे किलोमीटर जायची गरज नाही. 'सगळे खातात' असं लिहू नका. पावतीचा नंबर, तारीख, रक्कम, कुणाच्या नावाचा चेक, एवढं लिहा. मला येणाऱ्या दहा तक्रारींतल्या आठ जणांकडे पावतीच नसते.